‘सरकारचे डोके…’ या अग्रलेखासाठी टिळकांना शिक्षा झालीच नव्हती

२३ जुलै आणि १ ऑगस्ट, म्हणजे टिळकांची जयंती आणि पुण्यतिथी, जवळ आले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. तो साधारण असा: ‘पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या वधानंतर लोकमान्यांनी केसरीत “सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” हा जळजळीत अग्रलेख लिहिला. त्याबद्दल इंग्रज न्यायाधीशाने त्यांना राजद्रोही ठरवून सहा वर्षांसाठी ब्रह्मदेशातल्या मंडालेला धाडले. तेव्हा भर कोर्टात त्यांनी “स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे” अशी गर्जना केली.’ शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांतही हेच ऐकू येते. पाठवणाऱ्यांची टिळकांवर श्रद्धा असते, याबद्दल शंका नाही. पण या तीन वाक्यांत १८९७, १९०८ आणि १९१६ अशा तीन निरनिराळ्या लढायांची खिचडी झाली आहे. वाईट हे, की त्यात १८९७ साली सरकारने टिळकांना कसे अडकवले ते पार झाकून जाते.

आधी अग्रलेखाचे पाहू. केसरी तेव्हा साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधून परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तिथेच संपला, रँड ३ जुलैला मेला. सरकारने सगळ्या पुण्यालाच आरोपी धरले. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्चही पुणेकरांच्याच माथी मारला. या दडपशाहीवर टिळकांनी ६ जुलैला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि १३ जुलैला ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’ हे अग्रलेख लिहिले. २७ जुलैला त्यांना मुंबईत अटक झाली.

एवढे वाचून कुणीही म्हणेल, मग मजकूर बरोबरच आहे की! पण आरोप ठेवला गेला तो १५ जूनच्या अंकावर. म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या बरोबर एक आठवडा आधीच्या अंकावर.

त्या अंकात होते तरी काय? एक कविता, ‘शिवाजीचे उद्गार’. महाराज जागे होतात आणि आपल्या राज्याची झालेली दैना पाहून विचारतात, हे काय चालले आहे? दुसरा मजकूर होता पुण्यात नुकत्याच झालेल्या शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त. त्यात अफजलखानाच्या वधावर झालेली भाषणे होती आणि टिळकांचेही भाषण होते. महाराजांनी स्वार्थासाठी काही केले नाही, म्हणून त्यांना दोष लागत नाही, असा टिळकांचा युक्तिवाद होता. विहिरीतल्या बेडकासारखे राहू नका, पीनल कोडाच्या (दंडसंहितेच्या) बाहेर पडून गीतेच्या उंच वातावरणात या, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले होते. ऐतिहासिक चर्चा म्हणून हे सगळे छापून आले होते.

सरकारला नेमका हाच अंक का हवा होता? ६ जुलैचा अग्रलेख कितीही झोंबला असला, तरी तो वधानंतरचा. त्यावरून ‘टिळकांनी लिहिले आणि म्हणून खून झाला’ असे कुणाच्या गळी उतरवता आले नसते. १५ जूनला लेख आणि २२ जूनला गोळ्या, हा क्रम मात्र ज्यूरीपुढे न बोलताही बोलणार होता. कटाचा पुरावा नव्हता. रँडवर गोळ्या झाडणाऱ्या दामोदर चाफेकरांचा कबुलीजबाब ऑक्टोबरमधला, आणि टिळकांना शिक्षा सुनावली गेली १४ सप्टेंबरला. मारेकरी कोण हे कोर्टाला ठाऊक नसताना खुनाच्या सावलीत एका संपादकाला उभे केले गेले. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले, सरकारबद्दल प्रेम नसणे म्हणजेच राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’. सहा युरोपीय ज्यूरर म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी. ‘तिखट अग्रलेख लिहिला आणि शिक्षा झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा ही सगळी खेळी आपणच पुसून टाकतो. मला हे फार लागते, कारण आजही एखाद्याचे जुने लिखाण नंतरच्या घटनेला जोडून त्याला गुन्हेगार ठरवता येते, आणि १८९७ चा खटला त्याचा आपल्या घरचा दाखला आहे.

काही मजकुरांत ‘हा टिळकांचा पहिला तुरुंगवास’ अशी पुस्तीही असते. ती चूक. १८८२ साली कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. छापलेली पत्रे बनावट निघाली होती, तो खटला अब्रुनुकसानीचा होता. थोर पत्रकाराच्या हातूनही अशी गफलत होते, हे सांगण्यात टिळकांचा काही अपमान नाही.

आता मंडाले. तो १९०८ चा निकाल, बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतरच्या लेखांवरचा. १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ते लेख. इथेही ‘सरकारचे डोके…’चा संबंध नाही, त्याला अकरा वर्षे होऊन गेली होती. आणि न्यायाधीशही इंग्रज नव्हता. दिनशा दावर पारशी होते, मुंबईचेच. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून हेच दावर उभे राहिले होते! त्यांना ‘इंग्रज’ करून टाकले की साम्राज्य इथल्याच हुशार माणसांच्या हातून कसे चालत होते, हा अवघड प्रश्न टळतो. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, एकवीस तासांहून अधिक. ज्यूरी फुटली सात विरुद्ध दोन अशी. शिक्षा काळ्या पाण्याची असली तरी ते अंदमानला कधी गेले नाहीत. सहा वर्षांच्या सजेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, ते मात्र या मजकुरात कुठेच येत नाही.

राहिली गर्जना. निकालाच्या रात्री टिळक जे बोलले ते उच्च न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेले आहे: ज्यूरीने काहीही ठरवले तरी मी निर्दोष आहे, माणसांच्या आणि राष्ट्रांच्या भवितव्यावर याहून वरिष्ठ शक्तीची सत्ता चालते, मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या कष्टांनीच माझे कार्य अधिक फोफावावे, अशी ईश्वरेच्छा असेल. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क’ ही घोषणा १९१६ च्या होमरूल चळवळीतली. त्या वर्षीच्या बेळगाव-नगरच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे चांगल्या वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका (हमीपत्र) आणि शिवाय जामीनदार मागितले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहिले आणि ९ नोव्हेंबर १९१६ ला उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. त्या वेळी टिळक जिंकले होते.