44 पिक्सेल सक्तीचे नाहीत भो, जरा खुलासा
जळगाव-भुसावळच्या डिझायनर ग्रुपांवर मेसेज फिरतोय की डब्ल्यूसीएजी 2.2 (वेबसाइट दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची नियमावली) नुसार प्रत्येक बटण 44 पिक्सेलचं पाहिजेच, नाहीतर साइट फेल. असं नाहीये. ऑक्टोबर 2023 मधे आलेल्या 2.2 मधे एए लेव्हलला (तीनपैकी मधली पातळी) किमान 24 बाय 24 सीएसएस पिक्सेल (वेबपेजच्या कोडमधलं माप) सांगितलेत, आणि बटण त्याहून लहान असलं तरी आजूबाजूला पुरेशी मोकळी जागा ठेवली तर चालतं. 44 वालं एएए लेव्हलचं, म्हणजे सगळ्यात कडक पातळीचं, ते 2.1 पासूनच होतं. तरी रावेरच्या केळीवाल्यांसाठी ॲप करताय ना, जो माणूस बांधावर उभा राहून चिकाने माखलेल्या बोटांनी दाबणारे, तर 44 च ठेवा, माझं मत पक्कंय. आपल्या लिंकांच्या यादीतून बटणांच्या मापांचा जुना चार्ट मी काढलाय, त्यात लेव्हल लिहिलेलीच नव्हती.