बेडकाला मिठाचं पाणी? मामी, तो मेसेज तिथंच थांबवा

गेल्या रविवारी निपाणीच्या मामींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'घरात हिरवा झाडबेडूक पाळा, डास पळवा, लक्ष्मी आणा. ७ सोपे नियम.' वर गुबगुबीत हिरव्या बेडकाचा फोटो, खाली हात जोडलेले. मी हसून सोडून दिलं असतं. पण बुधवारी खानापूरहून आक्काच्या पोराचा फोन आला, "मावशी, बेडकाला उलटी व्हायलीय, मिठाच्या पाण्यात बसवलाय, तरी थांबंना."

न्हाणीघरातला तपकिरी झाडबेडूक, पावसाळ्यात आपल्याकडं कुणाच्याही भिंतीला चिकटलेला असतो तो, पोरानं धरून लोणच्याच्या बरणीत घातला होता. का, तर मामीआज्जीनं मेसेज पाठवलाय. मी पाच वर्षं बेळगावात टिळकवाडीत एक ऑस्ट्रेलियन झाडबेडूक पाळतेय. फोटोतला हिरवा त्याच जातीचा. माझा जंगलातून धरलेला नव्हे, पुण्यातल्या एका पाळणाऱ्याकडं जन्मलेला. त्यामुळं हे सात नियम वाचून माझं डोकं फिरलं.

आधी ती 'उलटी'. मी व्हिडिओ कॉल लावला. बेडूक पाठीला कुबड काढून बसलाय, तोंड वासतोय, मिटतोय, पुढच्या पायानं डोक्यावरून काहीतरी ओढून तोंडात कोंबतोय. बेडूक ठरावीक दिवसांनी वरची पातळ कातडी सोडतो आणि ती गिळून टाकतो. स्वेटर डोक्यावरून काढावा तसं दिसतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला जीव घाबरा झाल्यासारखं वाटतं. मेसेजचा पाचवा नियम म्हणतो, 'बेडूक तोंड वासत असल्यास पित्त झाले असे समजावे. पेलाभर पाण्यात दोन चमचे मीठ व चिमूटभर हळद घालून अर्धा तास बसवावे.' म्हणजे धडधाकट बेडकाला रोगी ठरवायचं आणि औषधानं मारायचं.

मारायचं हा शब्द मी रागानं वापरत नाहीये, हिशेब करून बघा. पेलाभर, म्हणजे दोनशे मिली पाण्यात दोन चमचे मीठ पडलं की पाच टक्क्यांच्या पुढं जातं. समुद्र साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आणि बेडकाचं रक्त? कॉलेजात ज्यांनी बेडकाचं हृदय चालताना बघितलंय त्यांना आठवेल, ते ०.६५ टक्क्यांच्या सलाईनमध्ये ठेवायचे, माणसाला लागतं ते ०.९ चंसुद्धा नाही. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला आणि मांड्यांच्या आतल्या अंगाला पातळ कातडी असते, तिथून तो पाणी शोषतो. नेमकी तीच बाजू तुम्ही खारट पाण्यात बुडवायची म्हणता. काकडीच्या फोडींना मीठ लावलं की ताटात पाणी सुटतं ना, तसं त्याच्या अंगातलं पाणी बाहेर येतं आणि मीठ आत जातं. हळद तर विरघळतही नाही, तिची पूड ओल्या अंगाला चिकटून बसते. ज्या कातडीनं तो श्वासही घेतो तिच्यावर हा लेप.

आजारी बेडकाला डॉक्टर क्षारांच्या पाण्यात ठेवतात, हे मात्र खरं. ते मोजून बनवलेलं, फिकं द्रावण असतं, बहुतेक त्याचंच कुणीतरी 'दोन चमचे' करून टाकलंय.

पाण्याचा नियम अर्धा बरोबर आहे, नाइलाजानं मान्य करते. 'नळाचे पाणी थेट घालू नये.' बरोबर. पण कारण दिलंय की ते 'निर्जीव' असतं. खरं कारण क्लोरीन. आपल्याकडं नळाला पाणी आठवड्यातून ठरावीक दिवशी येतं, आणि कधीकधी घागर भरतानाच ब्लीचिंगचा वास येतो. ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात उघडं ठेवून एक दिवस जाऊ दिलं की क्लोरीन बराचसा उडतो. त्यात क्लोरामाईन (क्लोरीनचंच जास्त टिकणारं संयुग) घातलेलं असेल तर ते असं उडत नाही, त्याला माशांच्या दुकानात मिळणारे थेंब लागतात. मी नळाला येणारं राकसकोप धरणाचं पाणी थेंब घालून वापरते आणि भांडं रोज धुते, साबणाशिवाय.

'रोज दोन तास बरणी कडक उन्हात ठेवावी, हाडे मजबूत होतात.' हाडांची काळजी रास्त आहे. कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्व कमी पडलं तर पाळलेल्या बेडकांची हाडं वाकतात, जबडा मऊ पडतो. पण ड-३ तयार करणारे किरण काचेत जवळजवळ सगळे अडतात. आत पोचते ती उष्णता. झाकण लावलेल्या बरणीत दोन तास म्हणजे कुकरच. हाडांसाठी किड्यांना कॅल्शियमची पूड चोळून खायला घालायचं असतं.

किडे म्हटल्यावर मेसेजवाल्यांना शिसारी आली असावी, म्हणून 'दहीभात, ब्रेड, पालक'. मोठा बेडूक हे खात नाही. हलणारी वस्तू दिसली की त्याची जीभ सुटते, भात काही हलत नाही. पालापाचोळा, शेवाळ खातात ती त्याची पिल्लं, शेपटीवाली. माझा बेडूक आठवड्यातून दोन-तीनदा रातकिडे किंवा अंड्यांच्या ट्रेमध्ये वाढवलेली झुरळं खातो, आणि गिळताना डोळे आत ओढून घेतो, कारण डोळ्यांच्या दाबानं घास खाली जातो. हे बघायला पोरं रांग लावतात.

डास? बरणीतला बेडूक बरणीत शिरलेलाच डास खाणार. लक्ष्मीचं मी बोलत नाही, माझा झुरळांचा खर्च सांगितला तर लक्ष्मी कुठल्या दिशेला जाते ते कळेल. बरणीही सोडा. झाडावर चढणाऱ्या प्राण्याला उंच, जाळीचं झाकण असलेली, फांद्या घातलेली पेटी लागते.

'जांबोटी-कणकुंबीच्या रानात फुकट मिळतात' ह्या ओळीला हसू नका. तिकडचं बरंच रान २०११ साली जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात येतं. तिथून बेडूक उचलणं गुन्हा आहे.

आणि सातवा नियम, ज्याला लोकांनी सगळ्यात जास्त हात जोडलेत: 'कंटाळा आल्यास बेडूक जंगलात सोडून पुण्य मिळवावे.' हा फोटोतला बेडूक नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज जगतो, तेव्हा कंटाळा येणाऱ्यानं आणूच नये. बेडकांच्या कातडीला लागणारी एक बुरशी आहे, कायट्रिड. ती अंगातल्या क्षारांचा तोल बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जगभरचा हिशेब आला: ह्या बुरशीमुळं किमान ५०१ उभयचर जाती घटल्या, त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या. ती देशोदेशी पसरायला जिवंत बेडकांचा व्यापार मोठं कारण ठरला. सह्याद्रीतही ती सापडलेली आहे. आपण भजी खायला जातो त्या आंबोलीत एक भेक आहे, २००९ मध्ये शास्त्राला नव्यानं कळलेला, त्याच परिसरापलीकडं न सापडणारा. दुकानातला बेडूक तिथं 'सोडणं' ह्याला पुण्य म्हणायचं? मी तर पेटीतलं पाणीही ओढ्यात किंवा गटारात ओतत नाही, ब्लीच घालून संडासात टाकते.

खानापूरच्या बेडकाची गोष्ट वेगळी, तो तिथलाच. आक्काला सांगून आधी त्याला साठवलेल्या साध्या पाण्याच्या परातीत बसवलं, पोराला हात साबणानं धुवायला लावले (बेडकाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो), आणि अंधार पडल्यावर न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर जिथून धरला होता तिथंच सोडला. दोन दिवस तो दिसला नाही. शुक्रवारी रात्री बादलीच्या कडेवर बसला होता, पोरानं फोटो पाठवला.

मामींना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, चांगलं म्हणून टाकलं मी, बघितलं कुठं एवढं." मेसेज त्यांनी काढलाय. काल तोच शाळेच्या ग्रुपवरून परत आला. ह्या वेळी मिठाच्या जागी सैंधव आहे.