बर्फातला उतार आणि फोर बाय फोर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही मला ताई म्हटलंत, म्हणून मीही दादा म्हणते. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण तिच्यामागे आठ वर्षांचा गाडी चालवण्याचा अनुभव आहे आणि एका ठिकाणी तुम्ही माझी खरी चूक पकडली आहे. त्यामुळे ‘धन्यवाद, मताचा आदर आहे’ एवढ्यावर भागवणं मला पटेना.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की बर्फ पडत असताना किंवा नुकता पडून गेल्यावर मनालीजवळच्या सोलंगच्या वर स्वतःची गाडी नेऊ नका, मग ती फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) का असेना. न्यायचीच असेल तर चारही चाकांना चेन (टायरवर गुंडाळायची साखळी) लावून न्या. यावर दादांचं म्हणणं असं : गेल्या डिसेंबरात ते नाशिकहून थार घेऊन, घरच्यांसकट अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जाऊन आले. चेन नव्हती, रस्ता ‘काळा कुळकुळीत’ होता, काही झालं नाही. सह्याद्रीतल्या चिखलात ते आठ वर्षं गाडी घालताहेत, आणि बर्फ म्हणजे पांढरा चिखलच. पोलीस स्वतःच फोर बाय फोर वर सोडतात. गाडी जड असली की पकड जास्त. ‘ब्रेक पंप करा’ हा माझा सल्ला चुकीचा. आणि शेवटी, मराठी माणूस आधीच घराबाहेर पडायला कचरतो, त्यात माझ्यासारखे लोक त्याला घाबरवतात. यंदा जानेवारीत आई-वडिलांना बर्फ दाखवायचाय, तर काय घरी बसू का, असंही त्यांनी विचारलंय.

ब्रेकचं आधी घेते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. मी बर्फात शिकले ती जुन्या जिप्सीवर. तिला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं. चाक लॉक झालं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही; म्हणून ब्रेक दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा, ही सवय पायात बसली आणि तशीच लेखात उतरली. एबीएस असलेल्या गाडीत हेच काम यंत्रणा सेकंदाला कितीतरी वेळा करते. तिथे आपण पंप केला तर उलट ब्रेक कमी लागतो. पाय दाबून धरायचा, पॅडल पायाखाली थरथरलं तरी सोडायचा नाही. फक्त एक लक्षात ठेवा. एबीएसमुळे बर्फात गाडी लवकर थांबते असं नाही. भुसभुशीत ताज्या बर्फात ती कधीकधी उशिराच थांबते, कारण लॉक झालेलं चाक स्वतःपुढे बर्फाचा ढीग गोळा करतं आणि त्याला अडतं; एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे तो ढीग होत नाही. एबीएस तुमचं स्टिअरिंग वाचवतं. अंतर वाचवेलच असं नाही.

आता मूळ मुद्दा. फोर बाय फोर इंजिनाची ताकद चार चाकांना वाटून देतं. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, अगदी अल्टोलासुद्धा. म्हणजे चढताना तुमची थार अल्टोच्या कितीतरी पुढे असते. थांबताना दोघींकडे असतात चार टायर आणि खाली जो काय पृष्ठभाग असेल तो. तुम्ही वजनाचं म्हणालात. वजनाने पकड वाढते हे खरं, पण थांबवायचं ओझंही त्याच प्रमाणात वाढतं, आणि हिशेबात दोन्ही एकमेकांना कापून टाकतात.

हिशेब करूनच बघू. कोरड्या डांबरावर ताशी ४० च्या वेगाने ब्रेक मारला की गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तीस मीटर लागतात, आणि गोठलेल्या पाण्यावर साठ. हे सगळं सपाट रस्त्यावर, आणि आपल्याला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर जातं ते सोडून. उतारावर चित्र आणखी बिघडतं. गोठलेल्या पाण्यावर टायरची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा उरते. रस्ता दर दहा मीटरला एक मीटर उतरत असेल, तर ती सगळी पकड नुसता उतार पेलण्यातच संपते. वेग कमी करायला काहीच शिल्लक राहत नाही. मग ताशी दहाचा वेग असो की पाचचा, गाडी थांबतच नाही. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे आणि अटल बोगद्याचं दक्षिण तोंड ३,०६० मीटरवर, मध्ये सुमारे पंचवीस किलोमीटर. सरासरी काढली तर उतार सौम्य वाटतो. पण रस्ता सरासरीने उतरत नाही. काही वळणांवर तो एकदम खाली जातो, आणि नेमका तिथेच ओहोळ रस्त्यावरून वाहत असतो.

असंच एक वळण मला भेटलं. सोलंगच्या वर, धुंडी या जागेच्या खाली, फेब्रुवारीतली दुपार, चार वाजले असतील. ऊन डोंगरामागे जाऊन तासभर झाला होता. डावीकडे डोंगर, डोझरने कापून बाजूला लोटलेल्या बर्फाची कमरेएवढी भिंत, समोर नाल्यावरचं उजवं वळण. जिप्सी फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग), दुसरा गिअर, वेग पंधराच्या आसपास. रस्ता काळा दिसत होता, थोडा ओला असावा असं वाटलं. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पहिली गोष्ट झाली ती ही की आवाज थांबला. तोवर टायरखाली बारीक खडीची करकर चालू होती, ती एका क्षणात बंद. मग स्टिअरिंग हातात हलकं झालं, जणू ते कशाला जोडलेलंच नाही. मी ते पूर्ण उजवीकडे फिरवलं, चाकंही फिरली असणार, पण गाडी सरळ जात राहिली. सावकाश. मला काच, बॉनेट आणि जवळ येणारी ती पांढरी भिंत सगळं नीट दिसत होतं आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जिप्सीचं नाक बर्फात रुतलं आणि आम्ही थांबलो. बंपर वाकला, बाकी काही नाही.

मागून येणाऱ्या टॅक्सीवाल्याने आपली गाडी वळणाच्या बरीच वर थांबवली आणि रस्त्याची कड धरून चालत आला. ‘मैडम, इधर पाला रहता है. ब्रेक ऊपर ही लगाना था,’ एवढंच म्हणाला. पाला म्हणजे रस्त्यावर गोठलेला पातळ थर. मग त्याने डिकीतून बजरीचं (बारीक खडीचं) पोतं आणलं आणि माझ्या चाकांखाली पसरलं. मी खाली उतरले तेव्हा उभीसुद्धा राहू शकत नव्हते, बोनेटला धरून उभी राहिले. त्या वळणाच्या आधीचं वळण डावं होतं, दादा. तिथे सरळ म्हणजे दरी होती.

हे सांगायचं कारण तुमचा ‘काळा कुळकुळीत’ रस्ता. तुम्ही गेलात तेव्हा डांबर साफ आणि कोरडं असेल, म्हणजे तुम्ही बर्फ बघत डांबरावर गाडी चालवलीत. त्यात काहीच वावगं नाही, मीही तेच करा म्हणते. पण त्या फेरीवरून बर्फातल्या गाडीबद्दल काही सिद्ध होत नाही. आणि संध्याकाळी तो काळा रंग डांबराचा असतो की डांबरावर काचेसारख्या गोठलेल्या पाण्याचा, हे गाडीत बसून मलाही सांगता येत नाही. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर येतं, सावली पडली की गोठतं. आणि शून्याच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो.

चिखलाचं मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण आपल्याकडच्या चांगल्या चालकांचा घात इथेच होतो. चिखलाला तळ असतो. टायर रुतत रुतत कुठेतरी मुरमाला, दगडाला टेकतो आणि पकडतो. आपण गती सोडत नाही, थोडा जास्त रेस देतो, टायरच्या खाचांतला चिखल उडून जातो आणि गाडी बाहेर येते. घट्ट बर्फावर हेच केलं तर चाक जागच्या जागी फिरतं, घर्षणाने वरचा थर वितळतो, लगेच पुन्हा गोठतो, आणि चाकाखाली तुम्ही स्वतःच आरसा घासून ठेवता. तिथे रेस जितका कमी तितकं बरं.

टायरचंही तेच. चिखलासाठी घेतलेले मोठ्या ठोकळ्यांचे मड टेरेन टायर दिसायला दणकट असतात, पण बर्फाला पकडायला रबर मऊ लागतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा लागतात. आपलं नेहमीचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. टायरच्या कडेवर एम+एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणून तो हिवाळी टायर होत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह असेल, तरच तो बर्फावरची चाचणी पार केलेला. आपल्या दुकानांत हे टायर सहसा दिसत नाहीत, म्हणून मी चेनवर एवढा जोर देते. एकच जोडी असेल तर पेच आहे : फक्त मागे लावली तर उतारावर पुढची चाकं वळत नाहीत, फक्त पुढे लावली तर मागची बाजू फिरून पुढे येते. म्हणून दोन जोड्या.

फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण वेग अगदी कमी) उताराला उपयोगी पडतं, हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. फोर-लो, पहिला गिअर, पाय ब्रेकपासून दूर : इंजिनाचा अडसर चारही चाकांना समान मिळतो, आणि ताज्या बर्फाच्या उतारावर यासारखी दुसरी युक्ती नाही. आपल्याकडे घाटात सांगतात ना, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, तेच इथे एक पायरी खाली. पण हा अडसरसुद्धा टायरच्याच मार्फत रस्त्यापर्यंत पोचतो. टायरखाली काच असेल तर तोही संपला. शिवाय थार, जिम्नी, जिप्सी या गाड्यांत फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा आस (अ‍ॅक्सल) एकमेकांना बांधले जातात. तीव्र वळणावर दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ते जमत नाही, आणि मग पुढची चाकं बाहेर ढकलली जातात. कोरड्या रस्त्यावर तर हा ताण यंत्रावर येतो. ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यात रस्ता कोरडा असेल तर टू-हाय (ताकद फक्त मागच्या दोन चाकांना) लावा. पण उत्तरेच्या तोंडाच्या बऱ्याच आधी वेग उतरवून परत फोर-हाय. आतल्या कोरड्या रस्त्याने हात सैल पडतो आणि बाहेर काय आहे हे बाहेर पडेपर्यंत दिसत नाही.

पोलीस फोर बाय फोर सोडतात ते गाडी चढावर अडकून मागचा अख्खा रस्ता तुंबू नये म्हणून. परतीच्या उताराची हमी ते देत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळाच्या तोंडावर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या, त्या दिवसांतले घसरत्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

अडकण्याचं म्हणाल तर एक गोष्ट कळकळीने सांगते. गाडी बर्फात रात्रभर अडकली तर हीटर लावून, काचा बंद करून झोपू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी एका रात्रीत गाड्यांत अडकलेली किमान बावीस माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो. त्याला वास नसतो, झोप तेवढी येते. दर थोड्या वेळाने उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं, एक काच बोटभर उघडी ठेवायची आणि एकाने जागं राहायचं.

आणि मराठी माणसाला घाबरवण्याबद्दल. तुमच्या आईने या वयात पहिल्यांदा बर्फ हातात घ्यावा, असं मलाही मनापासून वाटतं. जानेवारीत जरूर जा. थार मनालीपर्यंत न्या. आभाळ स्वच्छ असेल, रस्ता साफ असल्याचं त्या दिवशी सकाळी पोलिसांकडून कळलं असेल, तर सिस्सूलाही न्या आणि दुपारी दोनच्या आत परतीला लागा. बर्फ पडत असेल तर थार हॉटेलवर उभी करा आणि चेन लावलेली स्थानिक गाडी, तिथल्या चालकासकट घ्या. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला असेल तर गोठतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. चेन विकत घेणार असाल तर निघण्याआधी नाशिकलाच पार्किंगमध्ये एकदा लावून-काढून बघा. गोठलेल्या बोटांनी, अंधारात, मागे हॉर्न वाजत असताना तिचं पहिलं कडं सापडत नाही. लावल्यावर शे-दोनशे मीटर गेलात की उतरून पुन्हा ताणा, आणि तीसच्या वर जाऊ नका.

‘ब्रेक पंप करा’ हे वाक्य मूळ लेखात मी आज बदललं आहे. एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांचं वेगवेगळं लिहिलंय, फोर-लोचा परिच्छेद जोडलाय, आणि चूक एका वाचकाने दाखवली हेही तिथे लिहिलं आहे.