साडेसात लाख पौंड आणि एक कूलर

मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपुरात कोणी कोणाच्या घरी जात नाही. म्हणून डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले शेजारचे काका दारात दिसले तेव्हा काळजात धस्स झालं. काकांनी दार लावलं, कूलरसमोरची खुर्ची पकडली आणि हळूच म्हणाले, "काकूला सांगू नोको. मले लॉटरी लागली."

साडेसात लाख पौंड. थेट लंडनहून. मेलच्या डोक्यावर मुकुटाचं चित्र, प्रोसेसिंग फी फक्त 18,500 रुपये.

"तिकीट कधी काढलं होतं, काका?"

"कुठं काढलं? यालेच तर नशीब म्हणते!"

मी मास्तर झालो. पाठवणाऱ्याच्या भारदस्त नावावर बोट दाबलं, खालून जीमेलचा पत्ता निघाला. उत्तर पाठवायचा पत्ता तिसराच. "लंडनची लॉटरी कंपनी जीमेलवरून मेल करते काय?"

"आपला सोसायटीचा सेक्रेटरीबी करते."

यावर काय बोलणार? मग कायदा काढला. परदेशी लॉटरीसाठी इथून पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे तर लॉटरीच्या बक्षिसावरचा 30 टक्के कर बक्षीस देणाराच कापून घेतो, विजेत्याकडे आधी मागत नाही.

काकांचा चेहरा उतरला. पटलं वाटतं, म्हणून मी खूश.

"तीस टक्के? म्हणजे सव्वादोन लाख पौंड तिथंच गेले ना बाप्पा!"

नागपूरजवळच्या बेसातल्या प्लॉटवर या पैशातून बांधायचा वरचा मजला त्यांनी मनातल्या मनात पाडलेला मला स्पष्ट दिसला.

इतक्यात माझा फोन वाजला. 'मागील बिल अपडेट नाही. आज रात्री 9.30 वाजता वीज कापली जाईल. त्वरित अधिकाऱ्याशी बोला.' खाली नंबर.

मी कूलरकडे पाहिलं. खसच्या ताटीतून पाणी टपकत होतं. बाहेर 45 अंश. अंगठा माझ्याआधी नंबरवर पोचला. पलीकडचे साहेब फारच सज्जन. फक्त 10 रुपये भरा म्हणाले, त्याआधी एक ॲप टाका आणि त्यावर दिसणारे आकडे वाचून दाखवा. मी पहिले तीन वाचलेही. काकांनी फोन हिसकला आणि बंद केला.

"बिल भरलं नव्हतं काय बे?"

"भरलं होतं. चार तारखेलाच."

"मंग?" काकांनी चष्मा चढवला. "आन् हा तर साधा मोबाइल नंबर हाये. वीजवाले असे फोन करते काय?"

मी मुकाट्याने ॲप उडवलं. काकांनी तेवढ्यात 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर माझ्याच फोनमध्ये साठवला, तोही 'काका' या नावाने.

मग दुपट्टा बांधता बांधता दारात थांबले.

"तो मेल पुसू नोको. काकूले एकदा दाखवतो. पौंडाचा आकडा तरी पाहू दे तिले."