विहाराची वर्गणी आणि वस्तीचा विकास

कष्टकरी वस्त्यांनी धर्मावर पैसा घालवण्यापेक्षा तो मुलांच्या शिक्षणावर खर्च करावा, असा सल्ला दरवर्षी एप्रिलच्या सुमारास समाजमाध्यमांवर वाचायला मिळतो. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु मुंबईतील बौद्ध वस्त्यांचा व्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला हे दोन खर्च वेगळे काढणे अवघड जाईल.

चेंबूर-गोवंडी पट्ट्यातील आमच्या वस्तीत विहार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक मोठी खोली आहे. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, भिंतीवर वर्गणीदारांच्या नावांचा फलक आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात वंदनेच्या पुस्तिकांखाली एमपीएससीचे हाताळून सुटे झालेले प्रश्नसंच. सकाळी येथे बालवाडी भरते, दुपारी बचत गट बसतो आणि संध्याकाळची वंदना आटोपली की त्याच चटयांवर दहावी-बारावीची मुले रात्री उशिरापर्यंत अभ्यास करतात. ही खोली कोणत्याही योजनेतून आलेली नाही. अभ्यासिकेसाठी वर्गणी मागितली असती, तर ज्यांच्या घरात शिकणारे मूल नाही त्यांनी हात आखडता घेतला असता. विहारासाठी मात्र नाका कामगारही पन्नासाची नोट काढून देतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी धर्माची गरज गरिबांनाच अधिक असते, कारण गरीब माणूस आशेवर जगतो, असे सांगितले. त्याच भाषणात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा आग्रहही त्यांनी धरला. आशेच्या विधानाची आठवण सर्वांनाच असते, विसाव्या हिश्श्याची फारशी कोणी काढत नाही. मला तर तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतःच्या पैशातून स्वतःची संस्था चालवण्याची सवय त्याशिवाय लागत नाही. धर्मांतराच्या निवडीची किंमतही समाजाने मोजली: अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले.

वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. घरकाम करून आलेल्या बायका आळीपाळीने वाचतात; ज्यांची शाळा चौथीत सुटली, त्या अडखळत, बोट ठेवून, परंतु चारचौघांसमोर मोठ्याने वाचतात. पुढे रेशन कार्यालयात किंवा नगरसेवकाच्या दारात याच बायका पुढे होऊन बोलतात, आणि ही तयारी कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात झालेली नसते.

म्हणून सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. वाचन, झाडलोट आणि खिरीचे पातेले बायकांकडे, तर अध्यक्षपद आणि पावतीपुस्तक पुरुषांकडे, ही वाटणी दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत कोठेही बसत नाही. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या रकमेत अभ्यासिकेचे वर्षभराचे वीजबिल भागले असते (हे बोलल्यावर मंडळातील तरुण माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीत, ही गोष्ट वेगळी). त्याहून मला टोचणारी बाब अशी की, पलीकडच्या गल्लीतील मातंग आणि मुस्लिम मुले या चटयांवर क्वचितच दिसतात. त्यांना कोणी अडवत नाही, परंतु या, बसा, असे म्हणायलाही कोणी जात नाही. धर्माने जोडलेली संस्था आपल्या माणसांना जितक्या घट्ट धरते, तितकीच ती शेजाऱ्याला परकी वाटू शकते.

याच कारणाने महापालिकेने अभ्यासिकेची जबाबदारी विहारावर सोडून मोकळे होऊ नये, असे मला वाटते. आता वस्तीत पुनर्विकासाचे वारे आहे. नकाशा मंजूर होण्यापूर्वी विहाराची जागा आणि सार्वजनिक अभ्यासिका या दोन स्वतंत्र गोष्टी म्हणून मागाव्यात, अभ्यासिकेच्या समितीवर सर्व गल्ल्यांतील पालक असावेत आणि विहाराचे पावतीपुस्तक यंदा एखाद्या बाईच्या हाती द्यावे, असे तीन ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. पहिल्या दोन ठरावांना विरोध होईल असे वाटत नाही. तिसऱ्यावर वाद होणार, याची तयारी ठेवली आहे.