माजी सैनिकाने स्वतःचे ऑप्टोमेट्री क्लिनिक काढू नये, हे म्हणणे कितपत खरे?

माजी सैनिकांच्या गटांत सध्या एक संदेश बराच फिरतो आहे. सैन्यात डोळे तपासण्याचे काम केलेल्याने निवृत्तीनंतर ठाणे-नवी मुंबईत स्वतःचे क्लिनिक थाटण्याच्या फंदात पडू नये, असे त्यात बजावले आहे. कारणे चार दिली आहेत: लष्करात फक्त धडधाकट तरुणांचे डोळे पाहिलेले असतात, चष्म्यांची साखळी दुकाने मोफत तपासणी करतात, ऑप्टोमेट्रिस्टला, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर ठरवणाऱ्याला, कायद्याने स्वतंत्र स्थान नाही आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या फंडाचा सगळा पैसा जागेतच जातो. कोपरखैरण्यात असे क्लिनिक चालवणारा माजी सैनिक म्हणून मला याचे उत्तर देणे भाग वाटते, कारण असे संदेश वाचून हातात कसब असलेली माणसे सुरक्षारक्षकाची नोकरी धरताना मी पाहतो.

पहिले कारण मुळातच चुकीचे आहे. लष्करी रुग्णालयात जवानांबरोबर त्यांची बायकामुले येतात आणि निवृत्त मंडळीही येतात. त्यामुळे लहान मुलाचा तिरळेपणा आणि आजोबांचा मोतीबिंदू या दोन्ही गोष्टी तिथे नजरेखालून जातात. शिवाय सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ज्या ‘शेप’ (SHAPE) पद्धतीने ठरते, तिचे शेवटचे अक्षर ‘ई’ दृष्टीचे असते. कोणाला श्रेणी टिकवायची असते, तर कोणाला हलकी ड्यूटी हवी असते, म्हणून समोरच्याच्या सांगण्यावर विसंबून न राहता रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याच्या उपकरणाने, स्वतः पडताळण्याची आणि प्रत्येक नोंद तारखेसह लिहून ठेवण्याची सवय अंगी बाणते. बाहेरच्या व्यवसायात हीच सवय सर्वांत जास्त उपयोगी पडते.

मोफत तपासणीचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण बहुतेकांचा धीर तिथेच खचतो. ‘कॉम्प्युटरद्वारे मोफत डोळे तपासणी’ या पाटीमागे ऑटोरिफ्रॅक्टर नावाचे यंत्र असते. ते काही सेकंदांत आकडा देते आणि तो आकडा सुरुवात करायला चांगलाही असतो. पण तो अंतिम नंबर नव्हे. यंत्रात डोकावताना लहान मूल डोळ्यांवर ताण देते आणि नसलेला उणे (मायनस) नंबर कागदावर उमटतो. अशा वेळी प्लस नंबरचे भिंग लावून नजर मुद्दाम धूसर करावी लागते, मग भिंगाचा नंबर पायरीपायरीने कमी करत यावे लागते, आणि तरीही शंका उरली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पुन्हा तपासावे लागते. मधुमेह्याची साखर वरखाली होत असेल तर नंबरही बदलतो. त्याला त्याच दिवशी चष्मा विकणे म्हणजे महिन्याभरात निरुपयोगी होणारी वस्तू त्याच्या गळ्यात मारणे होय. एपीएमसीत काम करणाऱ्या एका माथाडी गृहस्थांना चाळीस सेंटीमीटरवर वर्तमानपत्र स्वच्छ दिसे, पण हात पूर्ण लांब केल्यावर येणाऱ्या अंतरावरच्या गोणीवरची खूण वाचता येत नसे. भिंगे बदलून पाहता येणारी ट्रायल फ्रेम घालून, त्यांना उभे करून, त्या अंतरावर नंबर ठरवला तेव्हाच काम झाले. अशा तपासणीला सहज अर्धा तास लागतो, आणि जिथे कमाई फक्त फ्रेम विकण्यातून होते तिथे एकेकाला अर्धा तास देणे परवडत नाही. म्हणून तपासणीची फी वेगळी घ्यावी, नंबरचा कागद रुग्णाच्या हाती द्यावा आणि चष्मा हवा तिथून घेण्याची मोकळीक त्याला ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. लोक फी देत नाहीत, हे म्हणणे माझ्या अनुभवाला धरून नाही. आपल्याला नेमके काय मिळाले हे कळले की ते देतात आणि घरच्यांनाही घेऊन येतात.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा 2021 साली झाला आणि त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्टचा स्पष्ट उल्लेख आहे. शस्त्रक्रिया हे आपले क्षेत्र नाही, आणि काचबिंदूची शंका आली तर रुग्ण 6/6 वाचत असला, म्हणजे त्याला तक्ता नीट दिसत असला, तरी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलेच पाहिजे. एक सावधगिरी मात्र खरी आहे: सेवेतील तांत्रिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र म्हणजे इंटर्नशिपसह घेतलेली ऑप्टोमेट्रीची पदवी नव्हे. आपल्या कागदपत्रांवर नोंदणी होऊ शकते का, याची चौकशी निवृत्तीपूर्वीच करून घ्यावी.

राहिला पैशाचा प्रश्न. वाशीच्या सेक्टर 17 मध्ये किंवा ठाण्याच्या गोखले रोडवर गाळा घेतला तर फंड संपेल, हे खरेच आहे. पण रुग्ण विश्वासाने येणार असेल तर दर्शनी जागेची गरज नसते. दृष्टीचा तक्ता सहा मीटरवर लागतो. आरसा लावला तर तीन मीटरची खोलीही पुरते, आणि अशी खोली सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर मिळते. भिंगे बसवण्याचे काम बाहेरच्या लॅबकडे देता येते, त्यामुळे भिंगे फ्रेमच्या आकारात घासण्याचे यंत्र घ्यावे लागत नाही. पैसा जपून ठेवायचाच असेल तर तो चांगल्या रेटिनोस्कोपसाठी आणि डोळा मोठा करून तपासण्याच्या स्लिट लॅम्पसाठी ठेवावा. पंधरा वर्षे सेवा झालेल्या जवानाला निवृत्तिवेतन असते, त्यामुळे सुरुवातीच्या मंद महिन्यांत घर चालते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला ते नसते. त्याने सेवा संपताना मिळणाऱ्या सेवानिधीची रक्कम खोलीत न घालता आधी पदवी घ्यावी, नेत्र रुग्णालयात काही वर्षे हात बसवावा आणि मगच स्वतःची पाटी लावावी.