बाटली रंगवू नका, कबाडीला द्या

शाळांमध्ये ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा सुरू झाल्या की कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर रंग चढतो, टिकल्या लागतात, फेविकॉलने लेस चिकटते. मुलांची मेहनत खरी असते, त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या बाटलीचं पुढे काय होतं, हे कोणीतरी त्यांना सांगायला हवं. पाणी-कोल्ड्रिंकची बाटली पेट प्लास्टिकची असते, बुडाशी त्रिकोणात १ लिहिलेला असतो. स्वच्छ असेल तर कबाडी ती हसत घेतो. तिचे तुकडे होतात, धागा होतो, त्या धाग्याचं कापड होतं. रंग, गोंद आणि टिकल्या लागल्या की तीच बाटली कोणी घेत नाही. शोकेसमध्ये चार महिने राहते आणि मग नागपूरच्या भांडेवाडी कचरा डेपोत जाते. म्हणजे ज्या वस्तूचं काहीतरी होणार होतं, तिचाच आपण कचरा केला.

म्हणून घरी प्लास्टिकचं काही बनवायचं तर माझी कसोटी एकच आहे: जी वस्तू नाहीतर विकत आणावी लागली असती, तीच बनवायची. फिनाईलचा रिकामा कॅन (हा २ नंबरचा, जाड आणि चिवट) तिरका कापला की अंगणातली माती उचलायला उत्तम सुपडं होतं, मूठ आधीच लागलेली असते. पेंटच्या वीस लिटरच्या बादलीला बुडाशी भोकं पाडून सांबार (कोथिंबीर), पुदिना, कढीपत्ता लावा. फक्त ती ग्रीन नेटखाली ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि त्या उन्हात उघडं प्लास्टिक एक-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन त्याचे कपचे मातीत मिसळतात. गच्चीच्या कठड्यावर टांगलेल्या बाटल्यांच्या बागा मला म्हणूनच पटत नाहीत. पावसाळ्यात अर्ध्या कापलेल्या बाटलीत पाणी साचतं. डेंग्यूच्या डासाला एवढं स्वच्छ साचलेलं पाणी पुरतं.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती बाटलीच्या पट्टीची आहे. बुड कापून टाका आणि बाटली गोल गोल कापत जा. एकाच बाटलीतून लांबलचक पट्टी निघते. ही पट्टी कुदळीच्या दांड्याला किंवा डुगडुगत्या स्टुलाच्या सांध्याला घट्ट गुंडाळून गाठ मारा आणि वरून उकळतं पाणी सावकाश ओता. पट्टी आखडते आणि सांधा आवळून धरते. कारण साधं आहे. कारखान्यात बाटली ताणून फुगवलेली असते. उष्णता मिळाली की ते प्लास्टिक परत आखडायला बघतं.

पण गरम करणं इथेच थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. गॅसवर कढईत पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या) वितळवून फरशा, कुंड्या बनवायचे व्हिडिओ फिरतात. प्लास्टिक एका जातीचं नसतं. पॉलिथिन १३० अंशांच्या आसपास वितळतं, पेटला २५० लागतात. पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) तापलं की हायड्रोजन क्लोराईड हा घातक वायू निघतो, थर्माकोलमधून स्टायरिनची घातक वाफ. घरातल्या बंद स्वयंपाकघरात, लेकरं बाजूला असताना, हे करायचं नसतं. नेदरलँड्सच्या डेव्ह हॅकेन्स यांनी २०१३ मध्ये ‘प्रेशियस प्लास्टिक’ हा प्लास्टिकच्या पुनर्वापराचा प्रकल्प सुरू केला आणि यंत्रांचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवले. पण त्यांच्या यंत्रांतही तापमानावर ताबा लागतो आणि प्लास्टिक जातवार निवडूनच टाकावं लागतं. हे वर्कशॉपचं काम आहे. एखाद्या कॉलेजने आपल्या वर्कशॉपमध्ये जरूर करावं.

उरलेलं सगळं धुऊन, वाळवून, वेगळ्या चुंगडीत (पोत्यात) ठेवा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकत राहू द्या. तो इवलासा तुकडा नालीत जातो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाची पिशवी परत केली की ५० पैसे मिळतील असं ठरलं होतं. कल्पना फार चांगली होती. माझ्या दूधवाल्याने मात्र पिशवी कधी परत मागितली नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, ग्लास, स्ट्रॉ देशभर बंद आहेत, तरी लग्नाच्या लॉनमागे जाऊन बघा. आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटायच्या पन्नीबद्दल काय बोलावं? चौकाचौकांत, पानठेल्याच्या भोवती, नाग नदीच्या काठावर तीच. तिच्यापासून घरी काहीच बनत नाही आणि कबाडीही ती उचलत नाही. चिप्सच्या पुड्यांचंही तसंच. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, सुटे होत नाहीत. या दोन्हींवर युक्ती शोधत बसू नये, त्या घरात आणूच नयेत.

बाटल्या-डबे आमच्या मानेवाड्यात कोणताही कबाडी घेतो. दुधाच्या पिशव्या घेणारे मात्र कमी आहेत. तुमच्या भागात कोणी किलोने घेत असेल तर फक्त भागाचं नाव आणि भाव खाली लिहा. महाल, इतवारी, प्रतापनगर, कुठलाही चालेल. आमच्या गल्लीतल्या बायका पिशव्या धुऊन जमवायला तयार आहेत.